पट्टी वर की खाली

सोमवारपासून बेखेझेला चुमा आणि त्याची बायको मान्याती यांचं बोलणं बंद होतं. कारण म्हटलं तर बोटभर होतं. सुऱ्याच्या चामडी म्यानाला मूठ धरून ठेवणारी पट्टी कुठे लावायची, वर की खाली?

लुवेवे वस्तीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं लग्नापासून एकत्र काम करत होती. बेखेझेला चामडं कापायचा, मान्याती शिवायची. कमरेचे पट्टे, चपला, पाकिटं, म्यानं, सगळं त्या शेडमधून बाहेर पडायचं, आणि अख्ख्या बुलावायो शहरात त्यांच्या शिवणीला नाव ठेवणारा माणूस सापडला नसता. पण सोमवारी न्दिवेनीसाहेब आले. पश्चिमेकडच्या एका खाजगी अभयारण्याच्या रक्षकांचे ते प्रमुख. मागच्या वर्षी त्यांनी इथूनच म्यानं नेली होती.

"चुमा, म्यानं तुझी देखणी आहेत," साहेब म्हणाले, "फक्त त्यात सुरा राहत नाही. एका पोराचा नदीत गेला. एक जण रानरेडा मागे लागला म्हणून पळाला, तो सुरा तिथेच टाकून आला. परवा आमच्या आचाऱ्याला मक्याच्या घट्ट इसित्श्वालाच्या पातेल्यात एक सापडला, तो कुणाचा हे कुणी कबूल करेना. वरून पट्टी लाव बाबा काहीतरी. पुढच्या सोमवारी येतो. नमुना पटला तर सगळ्या रक्षकांची म्यानं तुझ्याकडे. नाही पटला तर शहरातल्या मोठ्या दुकानात जातो, मग रागावू नकोस."

साहेबांची जीप वळली न वळली तोच वादाला तोंड फुटलं.

"पट्टी वर," बेखेझेला म्हणाला. "मुठीच्या टोकाजवळ. हाताला पटकन सापडते, अंगठ्याने टिचबटण उघडलं की झालं. आणि धारेपासून लांब राहते."

"खाली," मान्याती सुईत दोरा ओवत म्हणाली. "मूठ संपून पातं सुरू होतं तिथे. मुठीची मान तिथे बारीक आहे. मान धरली की हलेल कसा?"

"धारेला लागून पट्टी? पहिल्याच दिवशी कापली जाईल."

"आणि तुमची पहिल्याच दिवशी निसटेल."

"मी चामडं कापायला लागलो तेव्हा तू शाळेत जात होतीस!"

"म्हणून तर चार अक्षरं शिकले."

इथे थांबली असती तरी निभावलं असतं. पण मान्यातीने सुई खाली ठेवली. "तुमच्या आईने तुम्हाला पाठीला बांधलं, तेव्हा कापडाची गाठ कुठे मारली होती? तुमच्या गळ्याला? ढुंगणाखालून घट्ट घेतलं होतं, म्हणून पडला नाहीत. नाहीतर आज पट्टी कुठे लावायची हे सांगायला उरला नसतात."

"माझ्या आईला यात आणू नकोस," बेखेझेला म्हणाला, आणि तिथून बोलणं बंद झालं.

घरात तिसरं माणूस म्हणजे त्यांची एकुलती एक लेक लुंगिले. सरकारी दवाखान्यात नर्स. दिवसभर रोग्यांचं ऐकायचं आणि घरी आल्यावर आईबापांचं पोचवायचं, असा तिचा आठवडा चालला होता.

"लुंगिले, बाबांना सांग, ताट वाढलंय."

"लुंगिले, आईला सांग, मला डोळे आहेत."

"लुंगिले, बाबांना सांग, डोळे असते तर पट्टी खाली लावली असती."

गुरुवारपर्यंत दोन म्यानं तयार झाली. एक त्याचं, वर पट्टी असलेलं. एक तिचं, खाली पट्टी असलेलं. शेवटी बेखेझेलाने लेकीमार्फत प्रस्ताव धाडला. शनिवारी तो दोन्ही म्यानं सुऱ्यांसकट कमरेला लावून दिवसभर वावरणार. आपलं उजवीकडे, तिचं डावीकडे. शिडी चढणार, वाकणार, धावणार. ज्या म्यानातून सुरा पडेल किंवा ज्याची पट्टी तुटेल, ते हरलं. मान्यातीने लगेच होकार कळवला. इतका लगेच, की बेखेझेला जरा बुचकळ्यात पडला.

शुक्रवारी संध्याकाळी बेखेझेलाच्या थोरल्या बहिणीचा, थेंजीवेचा, फोन आला. तो मान्यातीने घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेन्झीच्या घरचा मध्यस्थ लुंगिलेला मागणी घालायला येणार, हे पक्कं झालं होतं.

या मेन्झीचं घोडं बरेच दिवस अडलं होतं. ग्वांडाकडच्या खाणीत विजेची कामं करणारा सरळ मुलगा. लुंगिलेचं आणि त्याचं जमलं होतं, आत्याने चौकशी करून पसंतीही दिली होती. पण त्याच्या घरच्यांनी पहिल्यांदा दिवस ठरवला तेव्हा बेखेझेलाची दाढ ठणकायला लागली. दुसऱ्यांदा ठरवला तेव्हा तो कातडी आणायला तातडीने प्लमट्रीला गेला, आणि कातडी न घेताच परत आला. मुलाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. त्याने मुलाला पाहिलंच नव्हतं, आणि पाहायची घाईही नव्हती.

"लुंगिले," मान्याती म्हणाली, "उद्या पाहुणे येतायत, बाबांना सांग."

लुंगिले शेडच्या दारात जाऊन उभी राहिली. ताट वाढल्याचं सांगणं वेगळं आणि मला मागायला माणसं येतायत हे स्वतःच्या बापाला सांगणं वेगळं. चांगल्या घरची कुठलीच मुलगी ते तोंडाने बोलत नाही. तिने रुमालाचं टोक पिळलं, चामड्याच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, उद्या जरा बरे कपडे घाला."

"चाचणीला बरे कपडे कशाला? मळतील ना."

लुंगिलेने मान हलवली आणि ती आत निघून गेली.

शनिवारी सकाळी बेखेझेलाने मळका अंगरखा चढवला, पोटाखाली पट्टा आवळला आणि दोन सुरे लटकवून अंगणात उतरला. बुटका, गोल आणि दोन्ही बाजूंनी सशस्त्र. तो शिडीवर चढला, छपरावर पाय आपटून पाहिले, खाली उतरला. सुरे जागच्या जागी. भिजत घातलेल्या कातडीच्या टबाला त्याने उड्या मारत दोनदा वळसा घातला. सुरे जागच्या जागी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान्याती पाहत होती, पण पाहत नसल्यासारखी. आज तिने चर्चचे कपडे घातले होते, आणि चुलीवर नेहमीपेक्षा मोठं पातेलं होतं. आत्याही सकाळीच येऊन आतल्या खोलीत बसली होती. ती मान्यातीला भेटायला आली असेल, असं बेखेझेलाला वाटलं. बोलणं बंद असल्याने विचारायची सोय नव्हती.

पळण्याची चाचणी राहिली होती. नुसतं पळणं त्याला बावळटपणाचं वाटलं, म्हणून तो तांबड्या कोंबडीमागे लागला.

त्याच वेळी फाटकाशी एक उंच, काटकुळे गृहस्थ येऊन उभे राहिले. काळा सूट, हातात टोपी. हे माफोसा, मेन्झीच्या वडिलांचे जुने स्नेही आणि या कामी नेमलेले मध्यस्थ. आयुष्यात त्यांनी बरीच लग्नं जुळवली होती. मुलीकडचे आधी ताटकळत ठेवतात, हिडीसफिडीस करतात, चूक काढून दंड लावतात, आणि हे सगळं हसतमुखाने सोसायचं असतं, हे त्यांना पाठ होतं. रीतीप्रमाणे त्यांनी मोठ्याने हाळी दिली, "चुमांच्या दारी आलोय! चांगलं नातं मागायला आलोय!"

फेरीवाला असेल असं समजून घरामागून बेखेझेला ओरडला, "आज काही नको! पुढच्या घरी विचारा!"

माफोसा खूश झाले. घराणं रीतीभातीचं होतं. त्यांनी आणखी आर्जवी सूर लावला. "आम्ही हलणार नाही! हाकललंत तरी इथेच बसू!"

"अहो, सांगितलं ना नको म्हणून!"

"चुमांचा शब्द आम्हाला साखर आहे!" असं म्हणून माफोसा फाटक लोटून आत आले, आणि कोपऱ्यावरून तांबडी कोंबडी आणि तिच्यामागे बेखेझेला एकदमच प्रकट झाले. कोंबडी माफोसांच्या पायांतून गेली. बेखेझेलाने वाकून झडप घातली आणि कोंबडी धरली. पण वाकताना त्याच्या पोटाने उजवीकडचं टिचबटण दाबून उघडलं, वरची पट्टी सुटली, आणि सुरा सुळकन निसटून माफोसांच्या चकचकीत बुटापुढे मातीत रुतला.

इतक्या लग्नांत माफोसांनी पुष्कळ अपमान गिळले होते, पण सुरा कुणी फेकला नव्हता. ते एक पाऊल मागे गेले, मग दुसरं, आणि तिसऱ्याला कातडीच्या टबात जाऊन बसले.

"मेलो!" ते ओरडले. "मेन्झी, पोरा, तू तरी पळ!"

रीतीप्रमाणे मेन्झी कोपऱ्यावर गाडीत लपून बसला होता. नवऱ्या मुलाने सासऱ्याच्या दृष्टीस पडायचं नसतं. पण ओरडणं ऐकल्यावर रीत कुठली आठवणार? तो एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी असा धावत आला, आणि समोर काय पाहिलं? टबात माफोसाकाका, जमिनीत सुरा, आणि एक दांडगा गृहस्थ, काखेत कोंबडी, कमरेला आणखी एक सुरा. पोरगा थरथरत होता, तरी तो सरळ मधे येऊन उभा राहिला.

"काय करायचं ते मला करा! काकांच्या अंगाला हात लावायचा नाही!"

"तू कोण रे?" बेखेझेला धापा टाकत म्हणाला.

"मी... मेन्झी."

एवढ्यात दारातून थेंजीवेआत्या बाहेर आली, तिने क्षणात सगळं पाहिलं आणि स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून मेन्झीच्या डोक्यावर टाकली.

"हा इथे नाही!" ती कडाडली. "कुणाला दिसला नाही! बेखे, तुला दिसला?"

"दिसला की."

"नाही दिसला!"

बेखेझेलाच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. चांगलं नातं म्हणजे काय, मोठं पातेलं कशासाठी, बरे कपडे का. लेकीला मागायला आलेल्या माणसाला त्याने पुढच्या घरी जायला सांगितलं होतं आणि वर टबात बुडवलं होतं. त्याला वाटलं, आधी दुसरा सुरा काढून ठेवावा, म्हणजे पाहुण्यांना धीर येईल. कोंबडी आत्याच्या हाती देऊन त्याने घाईघाईने डावीकडचं बटण उघडलं आणि सुरा उपसला.

टबातून अर्धे उठलेले माफोसा हे पाहून परत बसले.

आणि त्या घाईत मान्यातीची खालची पट्टी, सुटून धारेच्या वाटेत आलेली, मधोमध कापली जाऊन जमिनीवर पडली. बेखेझेलाने तिच्याकडे पाहिलं. पाहुणे, मागणी, टब, सगळं तो विसरला. सुरा हवेत उंच धरून तो गरजला, "कापली! मान्याती, बघ, कापली! मी काय सांगत होतो?"

"आणि तुमची निसटली ती?" दारातून मान्याती म्हणाली. सोमवारनंतर थेट त्याला उद्देशून बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

"तो पट्टीचा दोष नाही! पोटाने बटण दाबलं गेलं!"

"मग पोटाला पट्टी लावा!"

"रक्षकांना असलं पोट नसतं!"

"बायकाही असल्या नसतात त्यांना, म्हणून सुरे हरवतात!"

"अहो," टबातून क्षीण आवाज आला, "मला कुणीतरी बाहेर काढेल का?"

शालीखालच्या मेन्झीने, दिसत काहीच नसताना, चाचपडत काकांना बाहेर ओढलं.

माफोसांचा सूट ठिबकत होता आणि त्याला ओल्या कातडीचा वास येत होता. त्यांना आत नेऊन बेखेझेलाची विजार दिली. ती त्यांच्या पोटरीवर संपत होती आणि कमरेला दोन माणसं मावतील इतकी होती. पट्टा हवा होता. पट्टे करणाऱ्याच्या घरात पट्टा मिळेना, कारण तयार असलेले सगळे शुक्रवारी बाजारात गेले होते. बेखेझेलाने स्वतःचाच काढून दिला. माफोसा बोलणी करायला बसले ते असे: यजमानांची विजार, यजमानांचा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना रिकामी म्यानं.

ज्याची विजार आपण घातली आहे त्याच्याशी ताठ्याने बोलणं कुणालाही जमत नाही. माफोसा काहीही म्हणू लागले की आधी विजार सावरायला लागायची. आत्याने मुलाकडच्यांना दंड लावला, कारण मुलगा अंगणात आला, जरी तो आला नव्हता तरी. माफोसांनी दबक्या आवाजात मुलीकडच्यांना दंड लावला, कारण पाहुणा बुडाला. दोन्ही दंड एकमेकांत वळते झाले आणि वर तांबडी कोंबडी पातेल्यात गेली. मुलाकडच्यांनी द्यायच्या गुरांच्या गोष्टी निघाल्या, पण मधेच माफोसा कळवळले.

"हे उजवीकडचं काय टोचतंय बरगडीत?"

"वरची पट्टी," मान्याती चटकन म्हणाली. "बसलं की टोचतेच."

"पाहुणे फार बारीक आहेत," बेखेझेला म्हणाला.

मग बोलण्याची गाडी जी वळली ती वळलीच. माफोसांचं मत पडलं की पट्टी मधोमध लावावी. आत्या म्हणाली, पट्टीच नको, म्यान खोल करा, सुरा गिळून टाकेल इतकं. शालीखालून एक आवाज "मला वाटतं..." असं सुरू झाला, तेव्हा आत्याने शालीवर टपली मारली. जेवणं वाढली तोवर मागणी कधी मान्य झाली, कुणी कुणाला काय कबूल केलं, हे नीटसं कुणालाच सांगता आलं नसतं. पण झाली खरी. आतल्या खोलीतून लुंगिलेच्या खुदखुदण्याचा आवाज आला, तेव्हा बेखेझेलाने ताटात पाहिलं आणि बराच वेळ वर पाहिलं नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर तो शेडमध्ये कापलेली पट्टी हातात घेऊन बसला. मान्याती समोर येऊन बसली.

"ही कापली," तो म्हणाला, "कारण तू तिचं मूळ धारेच्या बाजूला शिवलं होतंस. उघडली की धारेवरच लोंबते. पात्याच्या पाठीच्या बाजूने शिवली असती तर..."

"तर खाली चालली असती?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

"पाठीच्या बाजूने शिव, एवढंच म्हटलं."

तिने शिवली. खाली, मुठीच्या मानेला घट्ट बसणारी, मूळ पाठीकडे आणि बटण बाहेरच्या अंगाला, जिथे कुणाचं पोट पोचणार नाही.

सोमवारी न्दिवेनीसाहेब आले. म्यान कमरेला लावून ते पेरूच्या झाडाखालून सरपटले, भिंतीवरून उतरले, आणि साठीच्या माणसाला शोभणार नाही अशी एक कोलांटीही मारली. सुरा हलला नाही. उपसून पाहिला, पट्टी बाजूला पडली, धार तिला शिवलीही नाही. "सगळी अशीच कर," ते कपडे झटकत म्हणाले आणि निघाले.

जीप गेल्यावर बेखेझेला फळीवर टेकला. तो खुशीत होता. "तू अबोला धरला नसतास," तो म्हणाला, "तर शनिवारी एवढी फजिती झाली नसती. सरळ सांगायचंस, पाहुणे येणार म्हणून."

मान्याती दोऱ्याला मेण लावत होती. "सरळ सांगितलं असतं तर तुमची कुठली दाढ दुखली असती?"

त्याने गालावरून हात फिरवला.

"नाहीतर कातडी आणायला कुठे गेला असतात, प्लमट्रीला की त्याच्याही पुढे? शनिवारचं थेंजीवेताईंनी मला आधीच्या रविवारीच सांगितलं होतं. म्हटलं, म्यानावरून भांडण असलं की हा माणूस घर सोडून हलत नाही. बोलणं बंद असलं की मला सांगावंही लागत नाही. आणि पोर स्वतः तोंडाने बोलणार नाही, हे मला माहीत होतं."

बेखेझेला तिच्याकडे वळला. "म्हणजे पट्टी खाली हवी, हे सगळं तू उगाचच म्हणत होतीस?"

"अबोला उगाच होता. पट्टी खालीच हवी होती."

अंगणात लुंगिले दवाखान्याचे पांढरे कपडे वाळत घालत होती. बेखेझेला तिच्याकडे पाहत राहिला.

"पोरगा पळाला नाही," तो हळूच म्हणाला. "माझ्या कमरेला सुरा दिसत होता, तरी माझ्याच अंगावर आला. पाय लटपटत होते त्याचे, मी पाहिलं."

"तुम्हाला तो दिसलाच नाही," मान्याती म्हणाली.

"हो. नाही दिसला." त्याने चामडं ओढून घेतलं आणि पाटावर पसरलं. "बरं, उरलेली म्यानं. पट्टी खाली?"

"खाली."

"बरं."

एवढंच बोलून तो निमूटपणे कापायला लागला. मान्यातीने थोडी वाट पाहिली. तो आणखी काहीच बोलेना, तेव्हा तिने सुई ठेवली, उठून त्याच्याजवळ गेली आणि हाताच्या पाठीने त्याच्या कपाळाला ताप आहे का ते पाहिलं.